बाईंचं एकटीचं जेवण

मागच्या रविवारी फोनवर तू सहज म्हणालीस, की कामासाठी दुसऱ्या गावी गेलीस की तू चिनी माणसांनी चालवलेलं एखादं छोटं हॉटेल शोधतेस आणि एकटीच जेवतेस. मी लगेच म्हणाले, "अगं, ऑफिसातल्या कोणाला तरी सोबत घेत जा." तू हसलीस, तुझ्या भावाने मागून काहीतरी चेष्टा केली आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर मला माझाच राग आला. हेच मी पूर्वी एकदा केलं होतं. तेव्हा तोंडाने म्हटलं नव्हतं, टाइप करून साहेबांच्या सहीला पाठवलं होतं. ज्यांच्याविषयी ते होतं त्या बाई आता नाहीत. त्यांच्याबद्दल तुम्हा दोघांना लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आले.

चंद्रपूरला आमचं सरकारी ऑफिस कोसा रेशमाचं होतं. कोसा म्हणजे जंगलातलं रेशीम. ऐनाच्या झाडांवर अळ्या वाढवायच्या, त्या कोश विणतात, त्यातून धागा निघतो. गडचिरोलीच्या बाजूला, आरमोरीपासून पार एटापल्लीपर्यंत, ढिवर, म्हणजे मासेमारी करणारी, कुटुंबं हे काम पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत. बाई आमच्या तांत्रिक अधिकारी होत्या, मी कार्यालयीन अधीक्षक. नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली म्हणून इंग्रजी पत्रव्यवहार सगळा माझ्याकडे. बाई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या, उंच, काटक, आणि महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर.

मी त्या ऑफिसात रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला घरी परत पाठवलं होतं. मी अंडी तपासायच्या खोलीत डोकावले, तशा त्या सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता म्हणाल्या, "मॅडम, तुमची पावडर अळीले चालत नाई. तुम्ही चालता. पावडर धुऊन या." अंड्यांच्या हंगामात त्या सुवासिक तेल, अत्तर, उदबत्ती, काही खपवून घेत नसत. एका कारकुनाच्या लग्नानंतर आठवडाभर त्याला त्यांनी व्हरांड्यात बसवलं होतं. तो तक्रार करायला लागला तर म्हणाल्या, "तुझी बायको नाई सोडाले सांगितली, अत्तर सोडाले सांगितलं."

तर अशा बाई. आता त्यांच्या जेवणाबद्दल सांगते, कारण ऑफिसात त्यांचं नाव निघालं की गोष्ट तिथेच यायची.

दौऱ्यावर गेल्या की बाई एकट्या जेवत, आणि शक्यतो चिनी हॉटेलात. नूडल्सच्या हातगाड्या, लाल सॉस आणि कोबीचे गोळे यांना त्या चिनी म्हणत नसत. "टमाट्याचा सॉस दिसला की उठाचं," असा त्यांचा नियम होता. रांचीला बैठक असो, कोलकात्याला प्रदर्शन असो, त्या गावात खऱ्या चिनी कुटुंबाने चालवलेलं हॉटेल कुठे आहे ते त्या शोधून काढत. मग दुपारी अडीच वाजेपर्यंत बाहेर थांबत. गिऱ्हाइकं गेली, दारावरची पाटी उलटी झाली, की आत जात आणि म्हणत, "तुम्ही आता जे जेवणार, तेच मला थोडं द्या." मेनूकार्ड त्या उघडत नसत. बहुतेक ठिकाणी माणसं आधी गोंधळत, मग हसत, आणि आपल्यातलं वाढून देत. नागपूरला एक म्हातारी चिनी बाई होती, तिच्या घरच्यांचा पूर्वी चपलांचा धंदा होता. ती बाईंना बघितलं की न बोलता भाताचा वाडगा आणून ठेवायची आणि निघून जायची. ती निघून जायची हे बाईंना सर्वांत आवडायचं.

हे वेड त्यांना चीनमध्येच लागलं होतं. सरकारी प्रशिक्षणासाठी आमच्या खात्याने पाच जणांना महिनाभर तिकडे पाठवलं होतं. शेवटच्या आठवड्यात दुभाषा आजारी पडला. बाकीचे चौघे खोलीत बसून सोबत नेलेला चिवडा खात राहिले. बाई संस्थेशेजारच्या गल्लीत गेल्या, एका दुकानात बसल्या, आणि दुकानवाल्या बाईने समोर काहीतरी ठेवलं. "तिनं ठेवलं आणि ती गेली," बाई सांगायच्या. "कोणी विचारलं नाही कुठल्या तुम्ही, मिस्टर कुठी आहेत, पोरंबाळं किती, भात अजून देऊ का. सात दिवस. तेव्हा मला समजलं, मला जेवायला आवडते."

यात हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसायचोही. पण मुलांनो, बाई माणूसघाण्या होत्या असं समजू नका. ऑफिसात दुपारी आम्हा बायकांची डब्यांची पंगत बसे. बाईंचा डबा सर्वांत मोठा आणि तो मध्ये ठेवलेला. जवसाची चटणी, वाळवलेल्या झिंग्यांची भाजी, अंबाडी. त्या सगळ्यांना वाढत, कोणाला काय लागतं ते त्यांना पाठ. त्यांनी स्वतः काय खाल्लं हे मात्र कोणाला सांगता आलं नसतं. घरीही तेच. घर भावाचं, जुन्या परकोटाच्या, म्हणजे गावाच्या तटबंदीच्या, आत. आई अंथरुणाला खिळलेली, वहिनीला संधिवात, भाचे तीन. बाई अविवाहित आणि कमावत्या, म्हणून सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक त्यांचा. सगळ्यांचं झाल्यावर ओट्याजवळ उभ्याने दोन घास. "वाढणारा हात माझाच," त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, "अन् वाढता वाढता माझी भूक मरून जाते."

म्हणजे दौऱ्यावरचा तो एक तास त्यांना मिळणारा एकुलता एक तास होता. त्याशिवाय दुसरा नव्हता. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसत असून मी तो घेतला.

त्याचं असं झालं. एका हिवाळ्यात बाई एटापल्लीच्या पुढे, सूरजागडच्या डोंगराकडच्या एका गावात पीक बघायला गेल्या. आता तुम्हाला त्या रस्त्याला लोहखनिजाचे ट्रक एकामागोमाग एक दिसतील, तेव्हा तिथे दिवसाला एक एसटी जायची. त्याच दिवशी नक्षलवाद्यांनी बंद पुकारला आणि ती एसटीही थांबली. बाई दोन दिवस परतल्या नाहीत. फोन लागत नव्हता. त्यांचा भाऊ ऑफिसात येऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात जोडले. तिसऱ्या दिवशी बाई आल्या, चांगल्या खुशीत, खांद्याच्या पिशवीत कोश भरलेले. एका अळीवाल्याच्या घरी राहिल्या होत्या म्हणे. पण मी तोपर्यंत टिपण तयार केलं होतं. महिला अधिकाऱ्याने एकटीने दौऱ्यावर जाणे इष्ट नाही, यापुढे एक महिला कर्मचारी सोबत असावी, जाताना, मुक्कामी आणि परतताना. साहेबांना माझं इंग्रजी आवडायचं. त्यांनी सही केली आणि सोबत म्हणून माझंच नाव घातलं. माझी मुलगी, म्हणजे तुमची आई, तेव्हा नागपूरला शिकायला होती, तुमचे आजोबा दिवसभर बँकेत. मला ते सोयीचंच होतं.

बाईंनी तो कागद उभ्यानेच वाचला.

"चांगलं इंग्रजी लिहिता हो तुम्ही."

"तुमच्याच काळजीपोटी लिहिलं."

"ते समजलं मले." त्यांनी घडी घालून कागद पर्समध्ये ठेवला. मग विचारलं, "जेवाचं बी संगंच का?"

मला वाटलं थट्टा करतात. मी म्हणाले, "अर्थातच."

पुढची तीन वर्षं आम्ही सोबत फिरलो. खरं लिहायचं तर माझ्या नोकरीतली ती सर्वांत सुखाची वर्षं. मी वेळापत्रकाची माणूस, बाई वाऱ्याच्या, पण आमचं जमलं. एसटीत त्या मला झाडं ओळखायला शिकवत, मी त्यांचे अहवाल इंग्रजीत बसवून देई. आणि जेवायला बाई मला त्यांच्या त्या हॉटेलांत नेत. पहिल्यांदा नागपूरच्या म्हाताऱ्या चिनी बाईकडे गेलो तेव्हा तिथल्या वयस्क वेटरने आम्हाला दारातच पाहिलं. तो भिंतीजवळच्या टेबलाकडे गेला आणि बाईंच्या नेहमीच्या जागेसमोरची खुर्ची उचलून न्यायला लागला. मग त्याची नजर माझ्याकडे गेली. त्याने खुर्ची परत ठेवली आणि वरून फडकं फिरवलं. मला वाटलं, किती अगत्याने जागा पुसून देतोय.

कोलकात्याला बाईंनी एकदा प्रयत्न केला. सकाळपासून बैठक होती, ऊन मरणाचं. बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही दमल्या असाल. आज लॉजवरच वरणभात मागवा. मी येते जाऊन."

"छे, तुम्हाला एकटीला कशी सोडू?"

"मी हरवत नाई."

"तुम्ही नाही हरवणार, माझी नोकरी हरवेल," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो. मग त्या चालायला लागल्या, मी मागोमाग.

आम्ही सर्वांत जास्त वेळा गेलो ते चिनी जेवणाचं ठिकाण मात्र चंद्रपुरातच होतं. गावाबाहेर वीज केंद्राची नवी यंत्रं बसवायला चिनी इंजिनियर आले होते. त्यांच्यासाठी एका कॉलनीत बंगला भाड्याने घेऊन खानावळ काढली होती. बाहेर पाटीवर नुसती चिनी अक्षरं. आचारी चीनचा, त्याला सगळे मास्टर म्हणत. त्याच्या हाताखाली भाजी चिरायला आणि भांड्यांना आपल्याकडच्या एक कुसुमबाई होत्या. त्या दोघांचं बोलणं ऐकण्यासारखं असे. मास्टर चिनीत काहीतरी लांबलचक बोलायचा, कुसुमबाई इथल्या झाडीबोलीत उत्तर द्यायच्या, "हो ना बाप्पा, लसूण संपला तं म्या का उगवू का इथी? उद्या बाजार हाय, उद्या पाहू." मास्टर मान डोलवायचा. मी एकदा विचारलं, "तुम्हाला त्याचं कळतं?" कुसुमबाई म्हणाल्या, "माह्या घरवाल्याचं कळत नाई, ह्याचं कळते. ह्यो निदान कामाचं बोलते."

बाहेरच्यांना तिथे जेवण नसे. पण बाई पहिल्यांदा गेल्या त्या हातात जिवंत मरळ मासा घेऊन. ढिवराच्या घरच्या, त्यांना मासा हेरता येई. फाटकावर त्यांनी तो मास्टरला दाखवला, मास्टरने कल्ला उघडून पाहिला आणि फाटक उघडलं. तेव्हापासून दौऱ्यावरून परतताना, घरी जायच्या आधी, बाई वाटेत एसटीतून उतरत, मासा घेत आणि तिथे जात. मास्टर तो आख्खा, डोक्यासकट, आल्याच्या चकत्या घालून वाफवायचा. सोबत भात आणि लसणाच्या फोडणीची पालेभाजी, बस. बाई चिनी काड्यांनी खात, अगदी सफाईने.

मी सोबत जायला लागल्यावरही मासा तोच, वाफही तीच. फक्त मला काट्यांची भीती. लहानपणी घशात काटा अडकला होता, तेव्हापासून मी नदीचा मासा टाळायचे. बाईंना हे समजल्यावर त्या आधी काट्यांवरून मांस उतरवत, पाठीचा जाड भाग माझ्या ताटात ठेवत, बोटाने चाचपून बघत की बारीक काटा राहिला तर नाही. मी जेवत जेवत बोलायचे. ऑफिसचं, तुमच्या आईचं, साहेबांच्या बदलीचं. बाई ऐकायच्या, हं म्हणायच्या, भात संपला की वाढायच्या. त्यांच्या वाट्याला डोकं आणि कण्याला चिकटलेलं उरायचं. मी म्हणायचे, "तुम्ही घ्या ना." त्या म्हणायच्या, "मला डोकंच आवडते." मी विश्वास ठेवला. खरं तर ते आवडतही असेल, मला आजही माहीत नाही. मी कधी नीट विचारलंच नाही.

त्याच काळातला एक दिवस सांगायला हवा, कारण त्या दिवशी बाईंनी मला सगळं सांगितलं होतं आणि मी ते फक्त वहीत लिहून घेतलं.

आरमोरीच्या पुढच्या जंगलात पीक झाडावर होतं. अळ्या झाडावर असेपर्यंत राखण करणारा माणूस तिथेच राहतो, गोफण घेऊन पाखरं हाकत. त्याचे नियम कडक असतात. दिवसातून एकदा जेवायचं, स्वतःच्या हाताने रांधून. हळद नाही, तेल नाही, मासळी नाही. खाटेवर झोपायचं नाही. बायकांनी त्या जागेत पाऊल टाकायचं नाही. बाई अधिकारी म्हणून पहिल्यांदा तिथे गेल्या तेव्हा गावाने बैठक घेतली होती. शेवटी एका म्हाताऱ्याने निकाल दिला, "हे बाई नाई, हे ऑफिस हाय." मी सोबत गेले तेव्हा कोणीतरी विचारलं, "अन् हे मॅडम?" म्हातारा म्हणाला, "हे बी ऑफिसच. जाऊ द्या."

तोच म्हातारा त्या दिवशी ऐनाच्या झाडाखाली आमच्याकडे पाठ करून बसला होता. पळसाच्या पानावर पांढरा भात. माझ्या हातात तक्ता होता, किती कोश निघतील तेवढाच एक रकाना भरायचा राहिला होता. मी त्याच्याकडे निघाले. बाईंनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"जेवून राह्यला ना तो."

"एकच प्रश्न आहे. दोन मिनिटं."

"ते दोन मिनिटं त्याचेच हायत."

आम्ही दूर एका दगडावर बसलो. म्हातारा घास घ्यायचा, वर झाडाकडे बघायचा, पुन्हा घास घ्यायचा. त्याला कसली घाई नव्हती. बाई हळू आवाजात बोलायला लागल्या, आणि बोलता बोलता ऑफिसची भाषा गळून गेली.

"माहा बाप असाच बसे. मी आठ वर्षांची असन. माय मले तांदूळ अन् मीठ घेऊन धाडे. शिवेवर एक दगड होता, तिथी ठेवाचं अन् वापस याचं, पुढं नाई जाचं. मी ठेवत होती, पण वापस नाई जात होती. झुडपात लपून पाहत होती. घरी बाप जेवाले बसला की दहा जनं बोलत. पोराचे कपडे, तलावाचा ठेका, शेजाऱ्याचं भांडन. तो कधी पुरता जेवलाच नाई घरी. इथी मात्र कोनी नाई. घास घे अन् झाडाकडे पाहे. मले वाटे, मोठी झाली की मी बी असंच जेवन."

"मग?"

"मग का. पोरीले कोन जंगलात बसू देते? म्या परीक्षा देल्या. म्हनलं, टूरची नोकरी पाह्यजे."

मी म्हणाले, "किती सुंदर." खरंच मला ते सुंदर वाटलं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, जणू पुढे मी आणखी काही म्हणणार आहे. मी वही काढली आणि परंपरागत निर्बंध या मथळ्याखाली सगळं लिहून घेतलं. म्हातारा हात धुऊन उठल्यावर माझा रकानाही भरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतताना आम्ही मास्टरकडे उतरलो. मी बाईंसमोर बसले आणि पूर्ण जेवणभर त्यांच्या वडिलांबद्दल बोलत राहिले. किती शहाणा माणूस, किती ध्यानस्थ जेवण, आपल्या शहरी लोकांना हे कळायला हवं. बाई माझ्यासाठी काटे काढत होत्या.

मी हे सगळं नीट क्रमाने लिहिते आहे, पण मला ते क्रमाने समजलं नव्हतं. समजलं ते बाई निवृत्त झाल्यावर. निवृत्तीनंतर दौरे बंद झाले, बाई घरातच राहिल्या. मी अजून नोकरीत होते. एका दुपारी वीज केंद्राकडे काम निघालं आणि मला वाटलं, मास्टरला भेटून यावं. यंत्रं बसवून झाली होती, इंजिनियर परत चालले होते, बंगल्यात सामान बांधणं चाललं होतं. कुसुमबाई पायरीवर बसून मोठ्या कढया घासत होत्या.

"बाई नाई आल्या?" त्यांनी विचारलं.

"त्या आता घरीच असतात. आम्ही दोघी किती यायचो ना इथे."

कुसुमबाईंनी कढई खाली ठेवली. "तुम्ही दोघी तं मांगून. पह्यले बाई एकलीच ये. मास्टर मासा ठेवून दार लोटून घे अन् बाहेर स्टूल टाकून बसे. मले बी आत जाऊ नाई दे. एक घंटा. बाई बाहेर निघे तं तोंड असं, नायून आल्यावानी." त्यांनी ओल्या हाताने स्वतःच्या तोंडावरून हात फिरवून दाखवला. "मंग तुम्ही याले लागल्या. मास्टर मले बोटं दाखवून पुसे, दोन? म्या म्हनलं, हो बाप्पा, आता दोन."

"मग बाईंनी मला सांगितलं का नाही?"

"का सांगन? तुम्ही किती खुशीत जेवत होत्या."

हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. मास्टर आतून आला, मला ओळखून हसला, आणि माझ्या मागे फाटकापर्यंत नजर टाकून बघितलं, बाई येताहेत का म्हणून.

घरी जाऊन मी बाईंना पत्र लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं, इंग्रजीत आणि मराठीत. माझी पत्रं नेहमी चांगली असतात. ही वाचल्यावर वाटलं, आपण त्यांच्याकडे क्षमा मागतोय म्हणजे पुन्हा त्यांनाच काहीतरी वाढायला लावतोय. मी ती फाडली. ठरवलं, कधीतरी जाऊ, त्यांना मास्टरसारखा मासा वाफवून देऊ आणि आपण निघून येऊ. हे ठरवण्यात पावणेदोन वर्षं गेली. तुमचा जन्म, तुमच्या आईकडे माझ्या खेपा, तुमच्या आजोबांचं ऑपरेशन, कारणं सगळी खरी होती.

मग निरोप आला, बाईंना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली.

मी भेटायला गेले ती दुपारी एकच्या सुमारास, मुद्दामच जेवणाच्या वेळी. काय बोलायचं ते मनात पक्कं केलेलं होतं. भावाला बाजूला घेऊन सांगायचं: बाईंना ताट द्या, डावा हात चालतो आहे, सांडेल तर सांडू दे, आणि अर्धा तास दार लोटून घ्या. एवढंच. हे त्या घरात दुसरं कोणीच सांगू शकलं नसतं, कारण दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हतं.

बाईंना खाटेवर उशांना टेकवून बसवलं होतं. सगळं घर भोवती होतं. भाऊ पायाशी, वहिनी खुर्चीत, थोरला भाचा डोक्याशी पाठीला आधार देऊन, त्याची बायको चमच्याने मऊ वरणभात भरवत होती, त्यांची छोटी मुलगी टाळ्या वाजवत म्हणत होती, "आता हा चिऊचा, आत्या, आता हा काऊचा." ज्यांना बाईंनी जन्मभर वाढलं, ते सगळे आता एकेक घास मोजून वाढत होते. कोणाच्याही चेहऱ्यावर कंटाळा नव्हता. मी असं घर फार थोडं पाहिलं आहे.

भाऊ मला बघून उठला. "पाहा मॅडम, एका मिनिटासाठी एकटं सोडत नाई आम्ही तिले. जेवताना तं नाईच. दोघंतिघं तरी रायतोच."

त्याला केवढा अभिमान होता. मी तयार केलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. मी म्हणाले, "बाई, भाग्यवान आहात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाची एक बाजू ओघळली होती, डोळे अगदी पूर्वीचेच. भाच्याची बायको उठली, माझ्या हातात ताटली दिली आणि म्हणाली, "बसा ना मॅडम. तुमच्या हातचं खातील. तुम्ही दोघी तं बरोबरच जेवत होत्या नेहमी."

मला "नाही" म्हणता आलं असतं. मी ताटली त्यांच्या मांडीवर, डाव्या हाताशी ठेवू शकले असते आणि सगळ्यांना म्हणू शकले असते, चला, आपण बाहेर बसू. मी खाटेच्या कडेला बसले आणि चमचा भरला. बाईंनी तोंड उघडलं. दुसऱ्या घासानंतर त्यांनी डावा हात हळूहळू उचलला, माझ्या मनगटावर ठेवला आणि काहीतरी म्हणाल्या. शब्द जड होते, मी वाकून पुन्हा विचारलं.

"तुम्ही... जेवल्या?"

"हो, जेवूनच आले," मी म्हणाले. जेवले नव्हते.

त्यांनी हात काढून घेतला. मी पुढचा घास भरला. ताटली रिकामी होईपर्यंत मी तिथेच बसले होते.